आपार्री ते होलो

बुर्सिंगला चालता येत नसे. पाय धड होते, पण चालणं तिला कधी जमलंच नाही, ती धावायची. अकराव्या वर्षापासून डोक्यावर माशांची पाटी. आपार्रीच्या धक्क्यावरून बाजार गाठायचा तो बर्फ वितळायच्या आत, आणि मग गल्लोगल्ली ओरडत फिरायचं ते मासा मऊ पडायच्या आत. त्यामुळे चर्चला जायचं असो की मयताला, तिची दुडकी चाल काही सुटत नसे. अंत्ययात्रेत तिला मुद्दाम सगळ्यांच्या मागे ठेवत, नाहीतर ती शवपेटीच्या पुढे निघून जाई. पूर्ण नाव तिबुर्सिया, पण ते फक्त पाद्रीबाबांच्या वहीत. आमच्या गावाला ती बुर्सिंग, आणि वयाने लहान असलेल्यांना मानांग बुर्सिंग, म्हणजे ताई.

तेवीस वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ती पहिल्यांदा बाळंत होत होती आणि बाहेर वादळ छप्पर उचकटत होतं. तिचा नवरा मेलांयो आदल्या पहाटे एकटाच होडी घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. खोलीत सुईण नोरेंग आणि भिंतीवरच्या तसबिरीत दर्यावर्दी लोकांचा राखणदार संत, सान तेल्मो, एवढेच दोघे. एका जीवघेण्या कळेसरशी बुर्सिंग त्या तसबिरीकडे बघून ओरडली, "सान तेल्मो, ह्याला घरी आण. मी आपार्री ते होलो धावत जाईन."

आता, 'आपार्री ते होलो' हे आपल्याकडे कोण म्हणत नाही? आपार्री देशाच्या वरच्या टोकाला, होलो खालच्या. निवडणुकीतला उमेदवार म्हणतो, रेडिओवाला म्हणतो, आणि मुलीचं लग्न ठरवणारी आई म्हणते की असा जावई आपार्री ते होलो शोधून सापडायचा नाही. ते कोणी मोजून बोलत नसतं. पण नवसात बोललं की बोललं. नोरेंग त्या गडबडीतही म्हणाली होती, "आधी जोर लाव. भूगोल नंतर बघू."

तासाभरात रोहेल जन्मला. मेलांयो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभा राहिला. ओठ फुटलेले, तळहात सोलून निघालेले. बाळाला त्याने हातात न घेता मनगटांवर घेतलं. काय झालं विचारलं तर म्हणाला, भूक लागलीय. पुढेही कोणी विचारलं की त्याला भूकच लागायची.

नवसाचं कळल्यावर मात्र तो पोट धरून हसला होता. बाजारापर्यंत म्हणाली असतीस तर उद्याच फिटला असता, होलो कशाला मध्ये आणलंस, आणि आणलंस ते आणलंस, धावत कशाला, असं त्याचं म्हणणं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. मग मूल लहान म्हणून राहिलं, सासरा अंथरुणाला खिळला म्हणून राहिलं, दोनदा छप्पर गेलं म्हणून राहिलं. नवस काही रोज दारात येऊन भात मागत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवणं सोपं असतं. अशी तेवीस वर्षं गेली.

मग गेल्या नोव्हेंबरात रोहेलची होडी इंजिन बंद पडून एक रात्र आणि एक दिवस समुद्रात अडकली. पोरगा धडधाकट परत आला, हसत आला. बुर्सिंग हसली नाही. नवस आणि रोहेल एकाच तासाला जन्मलेले. ज्या संताने नवरा परत दिला तो आता मुलाच्या वाटेवर उभा राहून आठवण करून देतोय, हे तिला स्पष्ट दिसलं. पहिल्या वेळी तो नुसती कडी वाजवतो. दुसऱ्या वेळेची वाट बघायची तिची छाती नव्हती.

तिने रोहेलला होडी वाळूवर ओढायला लावली, माडाला बांधायला लावली, आणि इंजिनाचा प्लग काढून आपल्या रुमालात बांधला. दुसरा प्लग कुठल्याही दुकानात मिळतो हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. पण आईने नेलेला प्लग म्हणजे आईला दिलेला शब्द. रोहेल कुरकुरला. मार्चपासून मोठ्या माशाचा हंगाम, ऐन हंगामात लोकांची जाळी शिवत बसू का म्हणाला. शेवटी ठरलं: पंधरा मेपर्यंत तो पाण्यात जाणार नाही. सोळा तारखेला जाणार, मग आई कुठेही असो.

म्हणजे पंधरा मेच्या आत होलोला पाय लागला पाहिजे. मध्ये अडीच हजार किलोमीटर.

नोरेंग तेव्हा चौसष्ट वर्षांची, सेवानिवृत्त, गुडघे बुर्सिंगपेक्षा बरे. ती म्हणाली, मी येते, नवसाला साक्षीदार मीच, उद्या सान तेल्मोने पुरावा मागितला तर? तिसरा बेनिंग, ट्रायसिकल म्हणजे तीनचाकी रिक्षा चालवणारा. रोज सकाळी बुर्सिंगची जादा मासळी तोच वाहायचा. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा चालायची सवय नव्हती. पण तो पायाळू. त्याला जन्माला घातलं नोरेंगने, आणि ती त्याला सांगे, "तुझे पाय जगात आधी आले, तू मागे राहून कसं चालेल?" शिवाय पायाळू माणसाने गळ्यावरून हात फिरवला की अडकलेला काटा उतरतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मासे खाणाऱ्या देशात असा माणूस बरोबर असलेला बरा. बेनिंगची अट एकच होती. चाकाशिवाय मला करमत नाही. म्हणून त्याने सायकलची दोन चाकं लावून हातगाडी केली आणि तिघांचं सामान तिच्यात टाकलं. नाताळानंतरचा तीन राजांचा सण उरकून आठ जानेवारीला ते निघाले. मेलांयो वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, "होलो दिसलं की हाक मार, मी ऐकेन."

पहिल्या तीन दिवसांतच ते उपाशी मेले असते, आणि तेही सभ्यपणापायी. आपल्याकडे जेवताना दारावरून कोणी गेलं की आतून हाक येतेच, या जेवायला. आणि जाणाऱ्याने म्हणायचं असतं, झालं आमचं, बसा तुम्ही. यात कोणी कोणाला फसवत नाही, ही रीत आहे. पहिल्या दिवशी अकरा घरांतून हाका आल्या आणि अकराही वेळा तिघं एका सुरात म्हणाले, झालं आमचं. दुसऱ्या दिवशी बरोबरचा भात संपला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका ओसरीवरून हाक आली, नोरेंगने तोंड उघडलं, आणि तिच्या आधी बेनिंग म्हणाला, "नाही झालं आमचं."

ओसरीवर सगळ्यांचे हात थांबले. असं उत्तर त्या घराने कधी ऐकलंच नव्हतं. मग म्हातारी घरधनीण अशी काही खूश झाली की विचारू नका. आयुष्यभर लोकांना बोलावते आहे, पहिल्यांदा कोणीतरी आलं, असं म्हणत तिने कोंबडी पकडायला सुनेला मागच्या अंगणात पिटाळलं. कुठे निघालात हे ऐकल्यावर तिने पुढच्या गावातल्या मावसबहिणीला फोन लावला: तीन वेडी माणसं येताहेत, त्यातली एक नवसाची आहे, भात जास्त घाल.

तिथून पुढे हा फोनच त्यांच्या पुढे पुढे धावत राहिला. या देशात प्रत्येकाची मावसबहीण पुढच्या गावात असते. गावचावडीत चटया अंथरलेल्या असत, शाळेच्या वर्गातली बाकं बाजूला सारलेली असत, कोणी पायांना लावायला आल्याचं तेल आणून ठेवी. आणि निघताना यजमानीण हळूच एक पुडकं पुढे करी. जाताच आहात तर एवढं माझ्या भावाला द्याल का, वाटेतच घर आहे. घर वाटेत कधीच नसायचं. सुके मासे, शाळेचा दाखला, सुनेसाठी शिवलेला झगा, एकदा तर पिंजऱ्यातला कोंबडा. हातगाडी रिकामी व्हायची आणि पुन्हा भरायची. जेवू घातलेल्याला नाही कसं म्हणायचं? नोरेंगचं म्हणणं असं की आपण नवस फेडत नसून टपालखातं चालवतोय.

ज्यांना फोन पोचलेला नसे ते आणखी भयंकर. हमरस्त्यावरून पायी जाणारी म्हातारी बाई म्हणजे जिच्याकडे बसचं भाडं नाही ती, हे ठरलेलं. दिवसातून दोन-तीन बस थांबायच्या. कंडक्टर खाली उतरून सांगायचा, चढा मावशी, भाडं नको. नवस आहे म्हटलं की तो टोपी काढायचा आणि सगळी बस खिडकीतून बघायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फटफटी थांबवली, बुर्सिंगच्या मुठीत भाड्याची नोट कोंबली आणि ऐकून न घेताच निघून गेला. तिने ती नोट पुढच्या चॅपलच्या पेटीत टाकली. मनिलात तेवढं कोणी थांबलं नाही. पण मनिला स्वतःसाठीही थांबत नाही, तेव्हा राग कशाला धरा.

मातनोगला लुझोन बेट संपतं आणि बोट धरावी लागते. पाण्यावर कोणी धावू शकत नाही, सान तेल्मो दर्यावर्दी आहे, त्याला कळतं. तरी बुर्सिंग सगळा वेळ डेकवर फेऱ्या मारत होती. लोक पाय आवरून घेत होते. नोरेंग म्हणाली, अगं बोट चाललीय ना, तू कशाला? बुर्सिंगने सांगितलं की तिला बसता येत नाही. खरंच येत नसे. बसलं की तिला माळ्यावर ठेवलेली रोहेलची जाळी डोळ्यांपुढे दिसत, मग माडाला बांधलेली होडी दिसे, मग माडाचा दोर सुटलेला दिसे. धावताना फक्त रस्ता दिसायचा.

सामार गेलं, लेयते गेलं, पुन्हा बोट झाली, मिंदानाओ लागलं. कागायान दे ओरोच्या बाजारात बेनिंगने एका बाईच्या गळ्यातला काटा उतरवला. ती होलोची, ओढण्या विकायची, नाव सित्ती. होलो ऐकून सगळे चपापतात, ती बाई हसली. आमच्याकडे उत्तरेत होलोचं नाव काढलं की लोकांना बंदुका आणि पळवून नेलेली माणसं आठवतात. गेलेला कोणी माहितीतला नसतो, तरी ऐकलेलं सगळ्यांनी असतं. बेनिंगने तर बायकोला अजून सांगितलंच नव्हतं, तिला वाटत होतं की तो मनिलाहून परत फिरणार. सित्तीने एक निळी ओढणी घडी करून बुर्सिंगच्या हातात दिली. "माझी बहीण नूरहुदा होलोच्या मासळीबाजारात बसते. तिला दे. मग तिथे तुला कोणी परकं म्हणणार नाही."

इलिगान सोडल्यावर बुर्सिंगचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. तिने कोणाला सांगितलं नाही. पागादियानपर्यंत तो सुजला आणि मग लपवता येईना, नारळाएवढा झाला. झांबोआंगा एकशेतीस किलोमीटर राहिलं असताना, एकोणतीस एप्रिलच्या दुपारी, तो वाकेनासा झाला आणि ती रस्त्याच्या कडेला पासिता नावाच्या बाईच्या दुकानापुढे खाली बसली. चार महिन्यांत ती भर रस्त्यात अशी बसलेली बेनिंगने पहिल्यांदा पाहिली, आणि त्याला रडू यायला लागलं.

पासिताने गाव गोळा केलं. मालिश करणारी आली, तिने अर्धा तास गुडघा दाबून मान हलवली. आरोग्यकेंद्रातली नर्स आली, तिने महिनाभर पाय उचलायचा नाही म्हणून सांगितलं. पाद्रीबाबा आले, ते तर आनंदाची बातमी घेऊन आले. नवस वारसाने फेडला तरी चालतो, ही जुनी चाल आहे, आईचा राहिला तर मुलगा पुरा करतो. मुलगा आहे ना? मग बोलवा त्याला, उरलेलं तो धावेल, तुम्ही सुटलात. सगळ्यांचे चेहरे उजळले. बुर्सिंगचा रंग उतरला. जे मुलावर जाऊ नये म्हणून चार महिने पायांची चाळण केली, तेच हा भला माणूस हसतमुखाने त्याच्या गळ्यात बांधायला निघाला होता. तिने पाद्रीबाबांच्या हाताचं चुंबन घेतलं, आभार मानले, आणि म्हणाली की बाबा, वादळात तुम्ही नव्हतात.

नोरेंगचे मात्र हात टेकले होते. तिने मागच्या दारी जाऊन मेलांयोला फोन लावला आणि सगळं सांगितलं. थोड्या वेळाने तिने फोन आणून बुर्सिंगच्या कानाला लावला.

मेलांयो नेहमीसारखी थट्टा करत नव्हता. "बुर्सिंग, ऐक. तुला एक सांगायचं राहिलंय. त्या वादळात मी समुद्रात नव्हतोच. आदल्या दिवशी आभाळ बघून फुगा बेटाला लागलो होतो. तिथल्या लोकांबरोबर तीन दिवस पत्ते खेळलो, जिन प्यायलो. तू इथे बाळंत होत होतीस, म्हणून लाजेने बोललो नाही. सान तेल्मोने मला कुठूनही आणलं नाही. नवस फुकट गेला तुझा. आता गाडीत बस आणि घरी ये."

फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांनी ऐकलं. नोरेंगने तोंड फिरवलं. बुर्सिंगने आपला रिकामा हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मेलांयो," ती म्हणाली, "मी काय मागितलं होतं? तू घरी यावास. आलास. कुठून, ते मी विचारलं नव्हतं."

आणि तिने फोन बंद करून नोरेंगच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, गुडघ्याला फडकं आवळलं आणि निघाली. त्याला धावणं म्हणायचं ते आपलं नावाला, नोरेंग शेजारून चालत तिच्यापुढे जात होती. शंभर पावलं झाली की पाय थरथरायचा आणि मग उभं राहायचं, कारण खाली बसलं तर उठता येत नव्हतं. तेवढ्यात मागून पासिता आली. तिच्या डोक्यावर दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची होती, खुर्चीचा एक हात तडकलेला.

"गाडीत बसत नाहीस, ठीक आहे," ती धापा टाकत म्हणाली. "खुर्चीत बसायला तुझ्या संताची काही हरकत आहे का?"

बुर्सिंगने विचार केला. खुर्ची पुढे जात नव्हती, जागच्या जागी उभी होती. हरकत घेण्यासारखं काही सापडेना. ती बसली.

मग शंभर पावलं धावायचं आणि खुर्चीत टेकायचं, शंभर धावायचं आणि टेकायचं. पासिता खुर्ची घेऊन मागे. पुढच्या गावाच्या शिवेवर पासिताचा दीर उभा होता, कारण फोन पुढे गेलाच होता. त्याने खुर्ची घेतली आणि पासिता दुकान उघडायला परत गेली. त्याने ती पुढच्या गावच्या चौकीदाराला दिली, चौकीदाराने रबराच्या मळ्यातल्या दोन बहिणींना, त्यांनी एका निवृत्त शिक्षकाला. हा शिक्षक इतका हळू चालायचा की बुर्सिंगलाच त्याच्यासाठी थांबावं लागलं. ती खुर्ची कोणाची हे तिसऱ्या दिवसापासून कोणालाच माहीत नव्हतं. पण ती कोणी मध्येच सोडली नाही. कोणीतरी तडकलेल्या हाताला तार गुंडाळली. कोणीतरी पाठीला छत्री बांधली. एका गावात लग्न चालू होतं, तर नवरदेवच बूट काढून दोन किलोमीटर खुर्ची घेऊन आला. नवरीने त्याबद्दल त्याला काय ऐकवलं ते सांगत नाही.

दिवसाला दहा किलोमीटर. एवढंच जमत होतं, आणि दहाच्या खाली बुर्सिंग येऊ देत नव्हती. रोज संध्याकाळी ती बोटांवर दिवस धरायची आणि राहिलेला रस्ता. दोन्ही बरोबर संपत होते, शिल्लक काही राहत नव्हती. एकदा तिच्या तोंडून निघून गेलं की आता नाही होत. बेनिंगने हातगाडी थांबवली. "मानांग, मी चार महिने बायकोशी खोटं बोलतोय. आता तू थांबलीस तर मी घरी काय सांगू?" ती हसली, आणि उठली.

तेरा मेला दुपारी झांबोआंगाचा धक्का आला. शेवटी खुर्ची ज्याच्याकडे होती तो गोदीतला हमाल. तो खुर्ची खाली ठेवून जाईना. होलोत मावशींसाठी खुर्ची कोण धरेल, असं म्हणत दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती बोटीवर नेऊन ठेवली. बुर्सिंग बसली आणि होलो दिसेपर्यंत बसून राहिली. डेकवर फेऱ्या नाहीत, काही नाही. बेनिंग मात्र दर दहा मिनिटांनी जपमाळ काढत होता आणि मुसलमान उतारूंनी बघू नये म्हणून पुन्हा खिशात घालत होता. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने आपली जपमाळ काढून त्याला दाखवली आणि दोघंही मोकळेपणाने मणी ओढू लागले.

चौदा मे. होलोच्या धक्क्यावर बुर्सिंगने आधी डावा पाय ठेवला, मग उजवा. नवस तिथेच फिटला होता. पण तिला मासळीचा वास आला. वास कुठून येतोय हे नाकाला कळलं, आणि पाय आपोआप त्या दिशेने दुडके पडायला लागले. मागून नोरेंग ओरडत होती की झालं, पोचलो, आता तरी चाल.

मासळीबाजारात नूरहुदा सापडायला वेळ लागला नाही, तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. निळी ओढणी पाहिल्यावर तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि मग ओढणी घेतली. कोण, कुठल्या, कशाला आलात, सगळं विचारून घेतलं. बुर्सिंगने मोडक्यातोडक्या बाजारी तागालोग भाषेत सांगितलं. आजूबाजूच्या मासळीवाल्या जमल्या. नूरहुदाचा नवरा आणि दोन मुलगेही त्या दिवशी पाण्यावरच होते. ऐकता ऐकता ती थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली.

"आमच्यातही बोललेला नवस फेडावाच लागतो," ती म्हणाली. "पण आम्ही बोलताना गाव जरा जवळचं निवडतो."

सगळा बाजार हसला. बेनिंगने आणलेली खुर्ची तिने आपल्या माशांच्या फळीमागे, सावलीत ठेवली, बुर्सिंगला तिच्यात बसवलं आणि कॉफी मागवली. कॉफीबरोबर गोडाची ताटंच्या ताटं आली, कारण तिथे कॉफी एकटी येत नाही. या, खा, ती म्हणाली. आणि तिघंही एका सुरात म्हणाले, नाही झालं आमचं.

मग बुर्सिंगने फोन लावला. रोहेलने उचलला.

"नवा प्लग घे," ती म्हणाली. "होडी पाण्यात घाल. उद्याच जा."

मग त्याने पाय कसा आहे विचारलं, आणि परत कशी येणार ते विचारलं.

"बसने. बसायला शिकलेय मी."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मेलांयो खाकरला. "पोचलीस?"

"पोचले."

"बुर्सिंग, मी तुला खोटं सांगितलं. फुगा बेटावर मी नव्हतो. दोन रात्री उलटलेल्या होडीला धरून होतो." तो भरभर बोलत सुटला. "तू परत फिरावीस म्हणून सांगितलं. पाय जाईल तुझा, असं वाटलं. आणि खरं आधी कधी बोललो नाही, कारण ते कळलं असतं तर तू रोहेलला पाण्यात पाऊल टाकू दिलं नसतंस. आपल्याकडे दुसरं काय आहे त्याला द्यायला?"

बुर्सिंगने खुर्चीत पाठ टेकली. समोर नूरहुदा एका मोठ्या माशाचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाला दाखवत होती.

"तुझे तळहात पंधरा दिवस खोबरेल लावून मीच बरे केले, मेलांयो. पत्ते खेळून कोणाचे हात सोलतात?"

"म्हणजे त्या दिवशी फोनवरच तुला कळलं होतं?" तो म्हणाला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी घरी यावं म्हणून तू खोटं बोलत होतास," ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटलं."